शेअर पडला म्हणून क्लास अ‍ॅक्शन? आधी हे वाचा

ग्रुपवर मेसेज फिरतोय की छोट्या कंपनीचा शेअर आपटला तर फॉर्म भरा, पॅन आणि डीमॅट नंबर द्या, क्लास अ‍ॅक्शनमधून (म्हणजे बऱ्याच भागधारकांनी मिळून केलेल्या दाव्यातून) सगळे पैसे परत. तसं नाहीये. कंपनी कायदा 2013 चं कलम 245 मी स्वतः वाचलंय, नुसता भाव पडला म्हणून काही मिळत नाही, डायरेक्टर किंवा ऑडिटरनी फसवणूक, दिशाभूल किंवा तसं काही गैर केलं हे एनसीएलटीपुढे (कंपन्यांचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) दाखवावं लागतं. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत अर्जाला 100 भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या 5% (जे कमी ते) लागतात, नाहीतर कंपनीचे किमान 2% शेअर्स असलेले भागधारक. अर्ज दाखल करून घेतला की सगळ्या भागधारकांसाठी जाहीर नोटीस निघते. ज्यांचे पैसे बुडालेत त्यांना अशी खोटी आशा लावणं फार वाईट आहे. तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.