दुधाच्या पाच बादल्या

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला, मग तोच नातेवाइकांच्या ग्रुपवरही दिसला. जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'चं, म्हणजे शेतावरची जनावरं मालकाला हाकलतात आणि मग डुकरं सत्ता बळकावतात त्या कादंबरीचं, म्हणे हे सार: क्रांतीनं काही होत नाही, फक्त मालक बदलतो, सामान्य माणूस अडाणी, म्हणून तो फसतो, आणि नेपोलियन या डुकराऐवजी त्याचा प्रतिस्पर्धी, दुसरा डुक्कर स्नोबॉल टिकला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. यातलं एकही वाक्य पुस्तकाला धरून नाही.

क्रांतीच मुळात चूक होती, हे तर अजिबात नाही. दारूच्या नादात शेतमालक जोन्सनं जनावरांना खायलाच घातलं नव्हतं. एका गायीनं शिंगानं कोठाराचं दार फोडलं, तिथून उठाव झाला. त्यांनी काय उपाशी मरायचं होतं? खुद्द ऑर्वेल स्पेनच्या यादवीत लढला, तिथे त्याच्या गळ्यातून गोळी गेली. १९३६ पासूनचं आपलं सगळं गंभीर लेखन एकाधिकारशाहीच्या विरोधात आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूनं आहे, असं त्यानं १९४६ साली लिहून ठेवलंय.

स्नोबॉलचं म्हणाल, तर उठावानंतरची पहिलीच सकाळ नीट वाचा. गायींच्या धारा काढल्या, फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरल्या. या दुधाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलंही. नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहिला: दुधाचं बघू नंतर, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी सगळे परतले तेव्हा दूध गायब. पुढे कळलं, ते रोज डुकरांच्या खाण्यात जात होतं. सफरचंदंही त्यांनीच ठेवली, आणि त्याला स्नोबॉलची पूर्ण संमती होती. गोष्ट फिरते ती इथे. ऑर्वेलनं एका पत्रात हेच सांगितलंय.

राहिला अडाणीपणा. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच चांगलं वाचता येत होतं. तो वाचत नव्हता. उठावानंतर भिंतीवर लिहिलेले नियम डुकरं बदलत गेली तरी बोलला नाही. बॉक्सर घोड्याला नेणाऱ्या गाडीवर खाटकाचं नाव दिसलं तेव्हा ओरडला, पण तेवढ्यात गाडी सुटली. उलट ज्यांना धड वाचता येत नव्हतं त्या कोंबड्या अंडी विकायच्या हुकमाविरुद्ध आढ्यावर चढल्या, तिथून अंडी खाली टाकून फोडली. त्यांचं दाणापाणी तोडलं. पाच दिवस टिकल्या, नऊ मेल्या. मेसेजमध्ये त्या कोंबड्या कुठेच नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आमच्याच सोसायटीचं सांगते. बिल्डरच्या माणसाकडून कारभार आपल्या हाती आला त्या दिवशी गच्चीवर पेढे वाटले होते. पहिल्याच उन्हाळ्यात रोज टँकर यायला लागले. खर्चाची वही कुठंय, असं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं. "आधी पाणी महत्त्वाचं, हिशोब नंतर बघू," कमिटीतले म्हणाले. आम्ही माना डोलावल्या, मीसुद्धा. दोन वर्षांनी वही मागितली तर उत्तर आलं, "मग काय, बिल्डरला परत आणायचंय का?" पुस्तकातही डुकरं हेच विचारतात: जोन्स परत यायला हवाय का तुम्हाला?

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. वही आम्ही लेखी मागितली आहे. अर्जावर पहिली सही आजींची आहे.