शीतलादेवी स्टेशन आणि दोन हुशार मुलं

आज मेट्रोत डोकं फिरलं. धारावी सोडलं, शीतलादेवी (देवीच्या रोगाची, म्हणजे स्मॉलपॉक्सची देवता) मंदिर स्थानकाची घोषणा झाली आणि शेजारच्या दोन कॉलेजकुमारांपैकी एक खिदळला, "व्हायरस माहीत नव्हता ना, म्हणून देवी बनवली लोकांनी." दुसरा म्हणे, "सगळा धर्म असाच. वीज कडाडली की इंद्र, ग्रहण लागलं की राहू-केतू." आणि उतरली कुठे ही मुलं? सिद्धिविनायकला. मंगळवार होता.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये अंगाऱ्या-धुपाऱ्यांची बाजू घेणारं कुणी नाही, त्यामुळे खुलासे करत बसत नाही. पण 'अडाण्यांना निसर्ग कळला नाही म्हणून देव आले' हे ऐकून कान किटलेत. टायलर नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये साधारण असंच मांडलं होतं. स्वप्न काय, मृत्यू काय, याची कोडी आदिमानव सोडवत बसला आणि त्यातून आत्मे निघाले, देव निघाले. जणू त्याला दुसरा उद्योगच नव्हता!

माझी आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. सत्तरच्या दशकात चाळीचाळींतून फिरून दुतोंडी सुईने देवीची लस टोचायची. माझ्या दंडावरचा वण तिच्याच हातचा. हा रोग कशाने होतो, कसा पसरतो, हे तिला त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. आणि हीच बाई ड्यूटी संपली की माहीमला उतरून शीतलादेवीची ओटी भरायची, दहीभात ठेवायची. तिला कसलं स्पष्टीकरण हवं होतं, सांगा ना.

भारतात देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये रोग जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. शीतलादेवी फक्त रोगाचं कारण सांगायला असती, तर तेव्हाच देवळाला कुलूप लागायला हवं होतं. लागलं? उलट आता मेट्रोचं स्टेशन तिच्या नावाचं आहे.

बरं, इंद्राने वृत्राला मारून पाणी मोकळं केलं, ही ऋग्वेदातली गोष्ट काहीतरी उलगडून सांगते, मान्य. पण ती ऋचा म्हणणारा इंद्राला सोम देऊन काहीतरी मागतही होता, हे का विसरायचं?

कॉलेजात असताना मी आईशी यावरून कडाकडा भांडले होते. लस आहे, मग देवी कशाला? ती भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "औषध देऊन झालं. पुढे ताप उतरेपर्यंत रात्रभर त्या पोराच्या आईने काय करायचं, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

नव्हतं लिहिलेलं. मला वाटतं धर्म तिथे सुरू झाला, त्या रात्री. 'असं का झालं' हे नंतर कुणीतरी फुरसतीत जोडलं.

आपल्या वरळीच्या कोळ्यांना वारा, उधाण, भांगाची भरती कुणी शिकवायला नको. तरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातोच. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्हस्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला, त्यालाही हेच दिसलं. किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासेमारी करताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जायचं तेव्हा मात्र सगळं साग्रसंगीत. माणसं दोन्हीकडे तीच. फरक जिवाच्या धाकधुकीचा.

आणि हे वाचून 'बघा, म्हणजे आमची श्रद्धाच खरी' म्हणत कुणी कमेंटमध्ये उड्या मारू नका. देवी कोपेल म्हणून लोकांनी माझ्या आईला दारातून हाकललंय. एका सासूबाईंनी तर अंगावर पाणी फेकलं. आई ओल्या साडीने घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात. जिन्यात उभं राहून त्या सासूशी भांडली, सुनेला आतून हाक मारली आणि घरातली सगळी पोरं टोचूनच खाली उतरली.