कसेल त्याचा सण

सहा अंडी. चार शाळेसाठी, दोन वाटेत फुटली तर म्हणून. एवढ्या भांडवलावर मी आठवडाभर घरमालकाच्या दारावरून चोरासारखा जिना चढतोय.

पोरगी दुसरीत आहे. शाळेचा मेसेज आला की शनिवारी 'ईस्टर ॲक्टिव्हिटी' आहे, प्रत्येकाने चार उकडलेली अंडी आणावीत, कवच पांढरंच हवं. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती, पण दिवसभर साक्रीला लग्न. राहिला गुरुवार, म्हणजे २ एप्रिल, म्हणजे हनुमान जयंती. आमच्या देवपुरातला अंडेवाला गाडीवर ताडपत्री टाकून स्वतः भंडाऱ्याच्या रांगेत उभा. मग स्कूटर काढली, पांझरा नदीच्या पलीकडे गेलो, अंडी मिळवली. दुकानदाराने ती रद्दीत गुंडाळून काळ्या पिशवीत घातली.

धुळ्यात काळी पिशवी म्हणजे जाहीरनामाच. काळ्या पिशवीतून दोनच वस्तू घरी येतात, आणि दुसरी वाजते.

आमच्या फाटकातच मांडव होता. वरण-बट्टीचा भंडारा, आणि वरणाचा डाव अप्पांच्या हातात. अप्पा निवृत्त तलाठी, आमचे घरमालक, तळमजल्यावर राहतात. शेजारी म्हणून बोलतात तेव्हा अहिराणीत, मालक म्हणून बोलतात तेव्हा पंचनाम्याच्या मराठीत.

"काय शे थैलीमा?"

"शाळेचं सामान, अप्पा."

"मंग पाठमांगे काबरं धरी ऱ्हायनात?"

मी मेसेज दाखवला. अप्पांनी डाव पातेल्यात सोडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोबाइल हातभर लांब धरून सगळं वाचलं. रांगेतली पंधरा-वीस माणसं ताटं घेऊन खोळंबली. त्यातल्या एकानेही 'वाढा की' म्हटलं नाही, हे मी विसरणार नाही.

"तुम्ही किरिस्ताव व्हयनात का, सर?"

"नाही हो. मी काहीच नाही, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतंच. गणपतीची वर्गणी देताना मी एकदा देव नसण्यावर दहा मिनिटं बोललो होतो. वर्गणी दिली होती, तरी लोकांच्या लक्षात भाषणच राहिलं.

इथे अप्पांनी भाषा बदलली. "असं पहा, सदर इसम देव मानीत नाही. सदर इसम दर आखाजीला घागर भरतो, हे मी समक्ष पाहिलेलं आहे. आता सदर इसम ईस्टरही करणार. तर कोणत्या हक्कानं?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतो, खरं आहे. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतो, आंबे ठेवतो, सांजोऱ्या ठेवतो. बाबा गेल्यापासून दरवर्षी. बाबा त्या घागरीतलं पाणी प्यायला येत नाहीत हे मला कळतं, आणि डांगर निवडताना मी ते नाकाशी धरून वास घेतो, कारण बाबा तसंच निवडायचे. हे मी वरणाच्या पातेल्यासमोर कुणाला कसं सांगू? आणि का सांगू? अप्पा वर्षाचे बारा महिने देव मानतात, त्यांना मी कधी विचारलंय का, कोणत्या हक्कानं?

पण आपली खोड अशी की कुणी 'का' विचारलं की तोंड सुरू होतं. मी म्हटलं, अप्पा, नॉर्वेत चर्चची पायरीही न चढणारी माणसं ईस्टरला डोंगरातल्या घरांवर जातात आणि खुनाच्या रहस्यकथा वाचतात. १९२३ पासूनची रीत आहे, दुधाच्या खोक्यावरसुद्धा रहस्यकथा छापतात. स्वीडनमध्ये पोरं चेटकिणी होऊन खाऊ मागत फिरतात. पोलंडमध्ये सोमवारी एकमेकांवर बादल्या ओततात.

"म्हणजे धुळवड."

"तशीच."

"आणि तारीख कोण काढतं?"

"पुनव बघून काढतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पुनव येईल, तिच्यानंतरचा रविवार."

अप्पांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, मंग हाई ते तिथीवरच शे ना! आज मारुतीनी पुनव, रविवारले ईस्टर. मारुतीना मांगेमांग!"

इथे गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण माझ्यातला मास्तर उठला. म्हटलं, दरवर्षी तसं नसतं, २०२४ मध्ये ईस्टर होळीच्या पुनवेनंतर आला होता, ३१ मार्चला. अप्पांचा चेहरा परत मिटला. मारुती त्यांच्या हातून मीच काढून घेतला.

"अंडं काबरं पन?"

सांगितलं. ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपास, जुन्या काळी त्यात अंडंही वर्ज्य.

"पन कोंबडीले उपास नही."

"तेच तर. ती घालतच राहते. अंडी साठतात, सणाला बाहेर निघतात, रंगवतात."

"आणि नाव?"

म्हटलं, आठव्या शतकात बीड नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की ईओस्त्रे नावाच्या देवीवरून...

"बीड? आपलं बीड?"

"नाही, इंग्लंडचा साधू. त्याचं नाव बीड."

"दुसरा साक्षीदार?"

खरं सांगायचं तर नाही. त्या देवीबद्दल त्याच्याशिवाय जुनं असं कुणी लिहिलेलंच नाही. तसं मी कबूल केलं.

"मग एका साक्षीदारावर फेरफार होत नाही," अप्पा रांगेकडे वळून म्हणाले, "आणि त्यात बीडचा." रांग हसली. बट्ट्या गार होत होत्या आणि लोक हसत होते.

मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, ही माणसं वहिवाटीने सण करतात, अप्पा. आजोबा करायचे, आई करायची, म्हणून करतात.

वहिवाट! हा शब्द ऐकून अप्पा खुर्चीत बसले. मग कूळ कायदा सुरू झाला. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कालच एकोणसत्तर वर्षं झाली, त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं, कोणाकोणाच्या जमिनी गेल्या, कोणी रात्रीतून नोंदी फिरवल्या, कोणत्या सर्कलने किती खाल्ले, सगळं. मी पिशवी या हातातून त्या हातात करत उभा. शेवटी निकाल आला: "म्हणजे देव ज्याचा तो मालक, आणि तुमच्यासारखे लोक कूळ. कसेल त्याची जमीन, तसा कसेल त्याचा सण. मान्य."

मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे मीही...

"तुम्ही अकरा महिन्यांचे, सर. तुम्हाला कूळ कायदा लागत नाही."

परवानगी मिळाली ती अटींवर. अंडी फक्त शाळेच्या कामी. स्वयंपाकघरात नाही, गच्चीवर उकडायची. भांडं वेगळं. आणि आत्ता पिशवी चपलांपाशी ठेवून प्रसाद घ्यायचा. घेतला. परत आलो तेव्हा एका भक्ताच्या चपलेखाली एक अंडं गेलं होतं. राहिली पाच.

ही अंडी बहुधा नवापूरकडची. तो सगळा पट्टाच कोंबड्यांचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्यावर ऐसपैस बसलं की माणूस दोन राज्यांत असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच तालुक्यात ईस्टर मनापासून पाळणारे आदिवासी ख्रिस्ती आहेत. आमच्या शाळेच्या पत्रकात मात्र ससा होता, गळ्यात बो बांधलेला. शंभरेक किलोमीटरवरची माणसं सोडून हा ससा कुठून आणला, हे विचारायची माझी हिंमत नाही. फी भरलेली आहे.

शुक्रवारी रात्री लग्नाहून येऊन मी गच्चीवर स्टोव्ह पेटवला. एप्रिलातली धुळ्याची गच्ची, फरशीच अजून भाजत होती. पाचही अंडी नीट उकडली, एकही तडकलं नाही. खाली आलो तर मोबाइलवर शाळेचा नवा मेसेज: काही पालकांच्या भावना लक्षात घेता अंड्याऐवजी बटाटे आणावेत.

काही पालक कोण, हे मला कळण्याचं कारण नाही. अप्पांची नात त्याच वर्गात आहे, एवढंच सांगतो.

पोरीने चार बटाटे नेले. एक जांभळा, दोन गुलाबी, चौथ्याला मिशा काढल्या आणि 'हे बाबा' म्हणाली. ते शोकेसमध्ये आहेत, त्यातल्या माझ्या बटाट्याला आता कोंब फुटलाय.

पण अंडी? परवानगी शाळेपुरती होती. शाळेने माल नाकारला. आता ती घरात म्हणजे सरळ अतिक्रमण. टाकून देणं माझ्या आईच्या पोटी जन्मलेल्याला जमणार नाही. रविवारी दुपारी, अगदी ईस्टरलाच, खिडक्या लावल्या, एक्झॉस्ट बंद ठेवला, कारण तो अप्पांच्या अंगणात फुंकतो. बायकोने काळ्या मसाल्याचा रस्सा केला आणि त्यात पाच अंडी सोडली. पंखा फुल, तरी तिघं घामाने निथळतोय, कुजबुजत जेवतोय. जगात एवढ्या भीतीने ईस्टर पहिल्या ख्रिश्चनांनी केला असेल.

बेल वाजली. अप्पा. हातात आखाजीच्या घागरींची यादी, कुंभाराला एकदम ऑर्डर द्यायची म्हणून. "तुमची एक धरू ना, सर?"

"धरा."

अप्पांनी नाक वर केलं. "वास कसाना?"

आता मी. गणपतीच्या मांडवात दहा मिनिटं बोललेला, कशालाच न घाबरणारा, विवेकवादी. माझ्या तोंडून निघालं, "फणसाची भाजी."

"फणस," अप्पांनी यादीवर माझ्या नावापुढे खूण केली. दोन पायऱ्या उतरले. मग मान वळवून, अगदी हळू आवाजात, आतल्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणाले,

"सर, मिशीले फणस लागेल शे."