मासे वीस जणांचे, पॅन दोघांचा

ज्या माणसाने आयुष्यात कधी बांगडा उलटलेला नाही त्याला कॅम्पला भांडी कुठली न्यायची हे ठरवायचा अधिकार नक्की कोणी दिला, हे मला कोणीतरी सांगा. आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी हेच. तंबू कुठले, गाड्या किती, स्पीकर कोण आणणार, याच्यावर आठवडाभर मेसेजचा पाऊस पडतो आणि मी विचारलं की बाबांनो मासे कशात तळायचेत, की लगेच एक महाशय अंगठा दाखवतात, "अरे आहे ना माझ्याकडे कॅम्पिंग सेट, टेन्शन नको घेऊ." झालं. पुढचं टेन्शन सगळं मलाच, कारण चुलीपुढे बसणारा मी, धूर खाणारा मी, आणि "अजून किती वेळ रे?" हे ऐकून घेणाराही मीच.

आता हा कॅम्पिंग सेट काय चीज आहे ते ऐका. एकात एक बसणारी तीन भांडी, वर झाकण, आणि त्या झाकणालाच फोल्डिंगचा दांडा लावला की म्हणे फ्राय पॅन. पत्रा एवढा पातळ की बोटाने दाबला तर टुकटुक वाजतो. दोन जण हिमालयात पाठीवर सामान घेऊन चाललेत आणि मॅगी करून खायचीय, तर उत्तम वस्तू आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आपण काशीदच्या किनाऱ्यावर चाललोय रे! गाडीने! सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली म्हणून! डिकीत कोल्ड्रिंकचे क्रेट आहेत, फोल्डिंगच्या खुर्च्या आहेत, कोणाचा तरी बीन बॅगसुद्धा आहे, आणि माझा चार-पाच किलोचा लोखंडी तवा म्हटलं की "अरे जड पडेल ना"? कोणाला जड पडेल? गाडीला?

बरं, आकाराचा साधा हिशोब तरी करा. वीस माणसं, प्रत्येकी सुरमईच्या दोन तुकड्या म्हणजे चाळीस. पंचवीस सेंटीमीटरच्या पॅनमध्ये नीट, एकमेकींना न चिकटता, तुकड्या मावतात चार. म्हणजे दहा घाणे. एका घाण्याला दोन्ही बाजू धरून आठेक मिनिटं, वर तवा पुसा, तेल घाला, परत तापू द्या, म्हणजे दीड तास कुठे गेला नाही. आणि हे फक्त पहिल्या वाढपाचं, कारण दोन तुकड्यांवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेच चाळीस सेंटीमीटरचा तवा असला की जागा सरळ अडीच पट होते, एका वेळी दहा तुकड्या बसतात, चार घाण्यांत काम खल्लास. हे शाळेतलं गणित आहे, वर्तुळाचं क्षेत्रफळ, आणि ग्रुपमध्ये अर्ध्याहून जास्त इंजिनिअर भरलेत!

पण इंजिनिअर लोकांना आवडतं वेगळंच. एकाने मला समजावलं की अॅल्युमिनियममधून उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी चांगली पसरते. हो राजा, पसरते, माहितीये मला. पण तुझा पत्रा आहे एक मिलिमीटरचा, त्याच्यात उष्णता साठून राहायला आहे काय? फ्रिज बॉक्समधून काढलेली थंडगार, मसाल्याने ओली तुकडी त्याच्यावर टाकली की पॅन तिथल्या तिथे गारठतो, तेलाचा चर्र आवाज बंद, मासा पाणी सोडतो आणि मग तळायच्या ऐवजी उकडत बसतो. त्याच्यावरचा रवा भिजून त्याचा लगदा. आणि खाली गॅस मोठा केला की मध्ये करपतं, कडेला कच्चं. जाड लोखंडाचं तसं नाही, त्याला तापायला वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं शांतपणे द्यावी लागतात, पण एकदा तापलं की चार गार तुकड्या पडल्या काय आणि आठ पडल्या काय, ते डगमगत नाही. घरी गॅसच्या शेगडीवर पातळ पॅनची ही खोड झाकून जाते. समुद्रावर वारा सुटला की सगळं उघडं पडतं.

आणि वाऱ्याचं तर विचारूच नका. दुपारभर खारा वारा समुद्राकडून, रात्री मतलई जमिनीकडून, मध्ये थोडा वेळ पडतो तेवढाच. सेटबरोबर जो तळहाताएवढा बर्नर येतो, गॅसच्या डब्यावर स्क्रू करून बसवायचा, त्याची ज्योत वाऱ्यात आडवी होते. मग कोणीतरी हुशारी करून त्याच्याभोवती चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावतं आणि वर ठेवतं मोठ्ठा पॅन. अरे बाबांनो, खाली गॅसचा डबा आहे! वरून मोठ्या भांड्याने उष्णता खाली परतवली, बाजूने आडोशाने कोंडली, म्हणजे तो डबाच तापणार ना, आणि तापला की काय होऊ शकतं हे त्या डब्यावरच छापलेलं असतं, पण वाचतो कोण. शिवाय त्या तीन चिमुकल्या काड्यांवर मोठं भांडं ठेवायचं, त्यात गरम तेल, खाली वाळू भुसभुशीत, आजूबाजूला पोरं फ्रिसबी खेळतायत. मी हे बघितलं आणि सरळ उठून गॅस बंद केला. तर म्हणे "तू जरा जास्तच पॅनिक होतोस." बरं.

मग चूल मांडली. तीन दगड, मधे सुरूची लाकडं, जी तिकडे रग्गड मिळतात आणि जळतातही झकास, निखारा कडक होतो. तर त्या चुलीवर आमच्या एका वहिनींनी घरचा नवा नॉनस्टिक पॅन आणून ठेवला. प्रेमाने आणला होता, बोलू तरी काय! मी म्हटलं वहिनी, हा चुलीवर नको, दांडा जाईल. त्या म्हणाल्या काही होत नाही. दांडा बॅकेलाइटचा, ज्वाळा बाजूने वर आल्या आणि पाच मिनिटांत असा घाण वास सुटला की माशांभोवती जमलेलं कुत्रंसुद्धा लांब जाऊन बसलं. दांड्याचं सोडा, तो बदलता येतो. टेफ्लॉनचं कोटिंग २६० डिग्रीच्या पुढे बिघडायला लागतं, आणि आणखी तापलं की त्याचा निघणारा धूर छातीत जायच्या लायकीचा नसतो. घरी मोठ्या आचेवर रिकामा पॅन विसरला तरी तो तिथपर्यंत पोचतो, इथे तर खाली लाल निखारे आहेत. लाकडाच्या जाळाला रेग्युलेटर नसतो हो!

दुकानदारांचा वेगळाच राग आहे माझा. निघायच्या आधी मी एका मोठ्या दुकानात गेलो, आणखी एक सपाट, जाड, दोन बोटं काठ असलेला लोखंडी तवा हवा होता, दोन बाजूंना कड्या असलेला. सेल्समन म्हणाला, "सर लोखंड आता कोणी घेत नाही, ग्रॅनाइट घ्या." ग्रॅनाइट म्हणजे काय तर बहुतेक वेळा तेच कोटिंग, वर ठिपके मारलेले, दगडाशी संबंध नावापुरता. मी म्हटलं चुलीवर चालेल? "चालेल ना सर." लाकडावर? "इंडक्शनवर पण चालतो सर." अरे मी विचारतोय काय, तू सांगतोस काय! बिडाचा दाखवला तर तो एवढासा, एका घावनापुरता. शेवटी आठवडी बाजारात घिसाड्याकडे बसून पाहिजे तसा करून घेतला. त्याला एका वाक्यात कळलं. "मासं तळायला? मग बूड सपाट पाहिजे आणि काठ उभा," असं तोच म्हणाला. माझ्या आईकडचा बिडाचा तवा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि अजून त्याच्यावर आंबोळी अशी सुटते की बघत राहावं, पण तो मी कॅम्पला नेत नाही, बीड आपटलं की तडकतं, आणि या लोकांच्या हातात तर अजिबातच देणार नाही.

पावभाजीच्या तव्याची आयडिया पण दर वेळी कोणीतरी काढतंच. "केटररकडून आणू, केवढा मोठा असतो!" मोठा असतो, पण मध्ये खोल असतो. सगळं तेल मध्ये जमतं, तिथल्या दोन तुकड्या पोहतात आणि कडेच्या कोरड्या करपतात, वर त्या घसरत घसरत मध्येच येऊन बसतात. भाजी रगडायला केलेली वस्तू आहे ती, तिथे बेस्ट. मग दुसरा म्हणतो कढईच आणू, डीप फ्राय करू. मांदेली असेल तर मी स्वतः म्हणेन कढई आणा, तिथे कढईच पाहिजे. बोंबील पण एकवेळ, तेसुद्धा वजनाखाली दाबून पाणी काढलेले असतील तर, नाहीतर ओला बोंबील तेलात पडला की तेल जे उसळतं ते बघायला लांब उभं राहावं लागतं. पण सुरमई, हलवा, पापलेट, हे कढईत बुडवायचे मासे आहेत का? आणि कढईचं दोन लिटर तेल नंतर टाकणार कुठे? मागच्या खेपेला शेजारच्या तंबूवाल्यांनी सरळ वाळूत ओतलेलं मी पाहिलं, सकाळी तिथे माश्या, मुंग्या आणि तीन कुत्री. उघड्यावर तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, वर झाकण टाकायचं, एवढं तरी माहिती असलेलं कोणी आहे का ग्रुपमध्ये, हाही प्रश्नच.

आणि आता "लोखंडाला मासा चिकटतो" वाली मंडळी. नाही चिकटत. तुम्ही चिकटवता! रेवदंड्याला मासे घेताना त्या मावशींनीच विचारलं होतं, तळायला का कालवणाला, आणि तळायला म्हटल्यावर सुरेख पातळ, सारख्या जाडीच्या तुकड्या करून दिल्या. हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, मुरायला अर्धा तास, मग जास्तीचं पाणी निथळून तांदळाच्या पिठात रवा घालून घोळवायचं, झाडून घ्यायचं आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर तेलात ठेवायचं. ठेवलं की हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. आधी तुकडीच्या कडेने मोठे मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, आवाज बदलतो, काठाचा रवा बदामी दिसायला लागतो, आणि मग तव्याला जरा धक्का दिला तर तुकडी आपली आपण सरकते. तेव्हा उलटायची. याला लागतात चार मिनिटं. पण आमच्याकडे पहिल्याच मिनिटाला कोणीतरी ते प्लॅस्टिकचं मऊ उलथणं घेऊन खाली सारायला येतं, "बघू झालं का", आणि कातडं तव्याला, मास उलथण्याला, रवा तेलात. तो रवा जळतो, पुढच्या घाण्याला काळे ठिपके होऊन चिकटतो, आणि मग "बघ, म्हटलं होतं ना नॉनस्टिक आणू." मला अक्षरशः ते उलथणं चुलीत घालावंसं वाटलं. तसंही वितळायलाच आलं होतं ते.

खाताना मात्र सगळे पुढे. सेटवाले महाशयसुद्धा माझ्याच तव्यावरच्या तुकड्या उचलत होते, त्यांचा पॅन केव्हाच मध्ये फुगून वाकडा झाला होता, तेल एका बाजूला आणि मासा एका बाजूला. म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे रे." हाताला नाही हो, बुडाला आहे, तव्याच्या!

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सकाळी उठून बघतो तर माझा तवा गंजून लालभडक. कोणीतरी उपकार म्हणून रात्री साबण लावून, तारेच्या घासणीने, तेलाचा बसलेला काळा थर पार खरवडून चकचकीत घासला आणि तसाच ओला उघड्यावर, खाऱ्या हवेत, दवात पालथा टाकला. तो काळा थर म्हणजे घाण नसते, तापून तापून लोखंडावर बसलेलं तेलच असतं ते, त्याच्यामुळेच तुमची सुरमई सुटत होती! मिठाने पुसायचा, चुलीवर कोरडा करायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, पेपरात गुंडाळायचा, एवढंच होतं. विचारलं कोणी घासला, तर सगळे गप्प, सगळ्यांना अचानक तंबूच्या खुंट्या काढायच्या होत्या. आता नवा थर बसेपर्यंत तेल लावून तापवत बसणं आलं माझ्या नशिबी, आणि ग्रुपवर पुढच्या कॅम्पची यादी कालच पडलीय: तंबू, स्पीकर, फेअरी लाइट्स. तव्याचा उल्लेख नाही. कोळसा आणि बार्बेक्यूची जाळी लिहिलीय, बांगड्यांसाठी. घ्या! आता पीठ लावलेले बांगडे जाळीवर भाजायचेत यांना.