76 पटींचा हिशेब कुठे चुकला?

‘अमेरिकेतले कुटुंब वर्षाला 77 हजार डॉलर, म्हणजे 64 लाख रुपये खर्च करते, शहरी भारतात हाच खर्च महिना 6,996 रुपये, वर्षाला जेमतेम 84 हजार. फरक 76 पटींचा! त्यातही आपले 40 टक्के पैसे खाण्यावर जातात, त्यांचे फक्त 8 टक्के. इतके अन्न आपल्याकडे महाग,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. यातले मूळ आकडे खरे आहेत; त्यांची सांगड मात्र चुकीची आहे.

अमेरिकेच्या 2023 च्या सर्वेक्षणातील 77,280 डॉलर हा संपूर्ण कुटुंबाचा वार्षिक खर्च आहे, तर आपल्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातील 6,996 रुपये हा दरडोई मासिक खर्च आहे. मजकूरकर्त्याने महिन्याचे वर्ष केले, पण माणसाचे कुटुंब करायचे राहून गेले. तिथल्या कुटुंबात सरासरी अडीच माणसे असतात. त्यांनी भागले की दरडोई सुमारे 30,900 डॉलर येतात आणि 76 पटींचे 31 पट होतात. शिवाय 83 रुपयांचा विनिमय दर इथे लावणेच गैर आहे, कारण तिथे एका डॉलरला जे मिळते ते भारतात सरासरी 20 रुपयांच्या आसपास मिळते. या क्रयशक्तीच्या दराने फरक सात-साडेसात पटींवर येतो. हा फरकही मोठाच आहे, आणि तो खरा आहे.

‘खर्च’ कशाला म्हणायचे, हेही दोन्हीकडे वेगळे आहे. अमेरिकेच्या आकड्यात सामाजिक सुरक्षा व निवृत्तिवेतनासाठी भरलेली रक्कम धरलेली असते. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीची वर्गणी खर्चात येत नाही.

अन्नाच्या मुद्द्यात तर सोयीस्कर कात्री लावली आहे. ते 8 टक्के फक्त घरी खाण्यासाठी आणलेल्या जिनसांचे आहेत. बाहेरचे खाणे धरले की वाटा 13 टक्क्यांच्या घरात जातो. आपल्या 40 टक्क्यांत मात्र बाहेरचे जेवण, चहा-नाश्ता, पॅकबंद पदार्थ असे सगळे आहे आणि शहरांत या एका गटाचाच वाटा 11 टक्के भरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उत्पन्न वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे 40 टक्क्यांवरून उत्पन्नाबद्दल काही म्हणता येईल, महागाईबद्दल नाही. त्यासाठी किलोचे भाव समोर ठेवावे लागतील, आणि या मजकुरात एकाही जिनसेचा भाव दिलेला नाही.