पगार जनतेचा, मालकी सरकारची

आमचे अण्णा एका सरकारी खात्यात आरेखक होते. ऑफिसात सगळे 'ट्रेसर' म्हणायचे. १९७४ साली खात्यानं शेतकऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली. बांध कसा घालायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, त्यातली एकूण एक आकृती अण्णांच्या हातची. नाव मात्र कुठंच नाही. यंदा गावच्या स्मरणिकेत त्यातली दोन पानं घ्यायचं ठरलं, तर बैठकीत एकानं विचारलं, "कॉपीराइट कुणाचा?" मी ठणकावून सांगितलं, अण्णांचा!

साफ चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की वेगळा करार नसेल तर सरकारी कामाचा पहिला मालक सरकार. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी रात्री घरी बसून केलेली कविता त्यांचीच, पण नोकरीचं काम म्हणून केलेलं चित्र साहेबाच्या टेबलावर गेलं की संपलं.

आणि मुदत? लेखकाच्या बाबतीत त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सरकार काही मरत नाही, म्हणून तिथं प्रसिद्धीनंतरच्या जानेवारीपासून ६० मोजायची. रत्नागिरीचं १९६२ चं गॅझेटियर, म्हणजे सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, २०२३ उजाडल्यावर मोकळं झालं. अण्णांचे बांध २०३५ साली मोकळे होतील. तेव्हा मी असेन की नाही, देव जाणे.

सवलती आहेत. राजपत्रातला मजकूर छापता येतो, कोर्टानं मनाई केली नसेल तर निकालही छापता येतात. विधिमंडळानं केलेला कायदा छापायचा तर मात्र सोबत भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर जोडायचा, अशी अट! ज्या कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही, तो नुसता छापायची मोकळीक नाही. ही गंमत मला अजून पचलेली नाही.

अमेरिकेत उलटं. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीला तिथं कॉपीराइटच नाही. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून विल्यम अँडर्सनी चंद्रामागून उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो काढला, तो त्यामुळेच जगभर कॅलेंडरांवर लागला. पैसा जनतेचा, तर वस्तूही जनतेची. मला हेच बरोबर वाटतं. आपल्याकडं गुप्त ठेवायचं ते ठेवा, पण बांधाच्या आकृतीत कसलं आलंय गुपित?

नावाचा मुद्दा तर मला मालकीपेक्षाही मोठा वाटतो. मालकी गेली तरी कर्तेपण सांगायचा हक्क कलम ५७ नं कर्त्याकडं ठेवलाय. शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारी नोकर नव्हते, पण दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचं होतं. १९७९ मध्ये ते उतरवताना मोडतोड झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाखांची भरपाई. विकत घेतलं म्हणजे वाटेल ते करा असं नाही, हे निदान एका कोर्टानं ऐकवलं. ट्रेसर लोक कोर्टात कुठले जायला!

खात्याकडं रीतसर अर्ज दिलाय, आवक क्रमांकही मिळालाय. स्मरणिका रामनवमीला निघणार. परवानगी आली तर पानं छापू, खाली अण्णांच्या नावासकट. नाहीच आली तर मी स्वतः बांधाची आकृती नव्यानं काढणार आहे. हात थरथरतो, पण पाणी कुठून काढायचं ते अण्णांनी लहानपणीच शिकवलंय.