साल्हेरची लढाई गडावर नाही, खाली झाली

साल्हेर किल्ल्याच्या ट्रेकवरचा तुमचा लेख वाचला, फोटो एक नंबर! पण त्यात "गडावर झालेली घनघोर लढाई" असं लिहिलंय ते तेवढं बदला राव, १६७२ ची साल्हेरची लढाई गडावर नाही झाली, मुघलांनी गडाला वेढा घातलेला आणि तो फोडायला एकीकडून शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर आणि दुसरीकडून पेशवे मोरोपंत पिंगळे आले, मग खाली उघड्या मैदानात समोरासमोर जुंपली. त्यामुळंच तर हिचं एवढं कौतुक, कारण गनिमी काव्यात मराठे भारी हे सगळ्यांनाच माहीत होतं पण मोकळ्या मैदानात मुघलांची फौज मोडली हे दिल्लीला झोंबलं. मराठा सरदार सूर्यराव काकडे पडले ते याच लढाईत, त्यांचं नाव लेखात कुठंच नाही, हे जरा खटकलं.

बाकी पायथ्याच्या वाघांबे गावाकडून खिंडीत येऊन चढलात हे बरं केलं. त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या भन्नाट आहेत, पण वर मुरमाड घसारा आहे, उतरताना बूट असे सटकतात की बसूनच उतरावं लागतं आणि पँटची पार वाट लागते 😄 ट्रेकिंग पोल असेल तर न्याच. आणि माथ्यावरच्या परशुराम मंदिरापर्यंत न जाता गंगासागर तलावावरूनच परत फिरणारे बरेच असतात, त्यांना काय म्हणावं! १५६७ मीटरवर उभं राहून सालोटा, मुल्हेर हे किल्ले, मांगीतुंगीचे सुळके सगळं एका दमात दिसतं. वारा मात्र जाम असतो, टोपी सांभाळा.